लाज नव्हे, पाणी!

आमच्या मुलुंडच्या चाळीत टिपणीसबाईंसमोर ‘लाजाळू’ हा शब्द काढायची सोय नाही. मागच्या अंगणात तुपाच्या रिकाम्या डब्यात त्यांनी ते रोप लावलंय. येणारंजाणारं त्याला बोट लावतं, पानं मिटली की “अगंबाई, लाजली!” म्हणतं, आणि लगेच वरच्या खिडकीतून आवाज येतो, “लाजत नाही ती! पाणी सोडते!”

बाई मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवतात. एकट्याच राहतात. कुणी अंगाला हात लावलेला त्यांना खपत नाही. हळदीकुंकवाला अत्तर लावायला मनगट धरलं, तरी झटकन मागे सरतात. “हात नको. लांबून बोला.” चाळीने मग त्यांचंच नाव लाजाळू ठेवलं. त्यांच्या माघारी, अर्थात. समोर बोलायची कुणाची छाती आहे!

माझी त्यांची खरी ओळख भांडणातून झाली. शाळेची कमिटी मुलींचा शास्त्राचा वर्ग बंद करून तिथे शिवण आणायला निघाली होती. मुलींना शास्त्र कशाला, म्हणे! माझं डोकं फिरलं. मी पत्रक काढलं : ‘लाजाळूसारख्या मिटून बसलेल्या भगिनींनो, जाग्या व्हा!’ दुसऱ्या दिवशी बाई दारात.

“कुंदा, हे तू लिहिलंस?”

“हो!” मी मान ताठ करून म्हटलं.

“साफ चूक आहे. चल खाली.”

डब्यापाशी नेऊन त्यांनी मला बसवलं. “देठाच्या बुडाशी ही फुगीर गाठ दिसते ना? तिच्यात पाणी भरलेलं असतं, म्हणून पान ताठ. आता बोट लाव. धक्का लागला, खालच्या बाजूचं पाणी सुटलं, गाठ सैल पडली, पान खाली. यात लाज कुठे आली गं?”

“पण करते कशाला असं?”

“गाय अंगावर आली तर तू पळशील. ही कुठे पळणार? म्हणून वाळल्याचं सोंग घेते, काटे पुढे करते. जिला पळता येत नाही तिची ही लढाई आहे, बये! आणि तू तिलाच जागी हो म्हणतेस?”

पत्रकाची वाट लागली. मी मात्र त्या दिवसापासून बाईंची झाले.

मग कमिटीचे अध्यक्ष वर्ग बघायला आले. “आज तेवढं तोंड आवरा, वर्ग वाचेल,” असं मुख्याध्यापिकांनी बाईंना बजावलं होतं. डबा पोचवायला गेलेली मी दाराशी उभी. टेबलावर तो डबा. साहेबांनी बोट लावलं, पानं मिटली, आणि साहेब मुलींकडे वळले. “पाहिलंत? झाडालासुद्धा लाज असते. मुलींनी हिच्याकडून शिकावं.”

बाईंनी ओठ आवळले. बोलू नका बाई, मी मनात म्हणत होते. पण पहिल्या बाकावरची पोर कधी साहेबांकडे, कधी बाईंकडे बघत होती. यातलं खरं कोणतं?

“लाज नव्हे साहेब, पाणी,” बाई म्हणाल्या. “तिला वाटलं, ढोर चरायला आलंय.”

वर्ग खदखदून हसला. आणि महिनाअखेरीस वर्ग गेला.

जाऊ दे! गप्प बसून वाचवलेल्या वर्गात दुसऱ्या दिवसापासून लाजच शिकवावी लागली असती. आता बाई शाळेत शिवण शिकवतात आणि रविवारी आमच्या अंगणात शास्त्र. घाटकोपरहूनही दोघी येतात. अशी बाई आमच्या चाळीत राहते, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

परवा मुली गेल्यावर बाई डब्यापाशीच बसून राहिल्या. “शास्त्राच्या कपाटाची किल्ली काल परत घेतली त्यांनी,” म्हणाल्या. “इतकी वर्षं कमरेला होती. अजून हात तिकडेच जातो.” आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मला भान राहिलं नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाई अशा आक्रसल्या की चटका बसावा तसा मी तो काढून घेतला.

“चुकले, बाई. जाते मी.”

त्यांनी मान वर केली नाही. मुलींच्या बोटांनी मिटलेल्या पानांकडे बघत म्हणाल्या, “जाऊ नकोस. उघडायला जरा वेळ लागतो.”

मी शेजारी बसून राहिले.