विजूताईची रंगीत तालीम

विजूताईच्या खोलीत कोण भेटेल याचा भरवसा नसायचा. कधी ती ओढणी कमरेला खोचून घरमालकीण झालेली असायची, कधी चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून बँकेतला साहेब. समोर तालमीला उभी असायचे मी.

अठरा पूर्ण झाल्यावर धुळ्याच्या बालगृहातून बाहेर पडून मी नर्सिंग शिकायला जळगावात आले. अशा मुलींना संस्था एक 'सोबतीण' देते. आमच्यासारखीच, पण काही वर्षं आधी बाहेर पडलेली. माझ्या वाट्याला विजूताई आली, आणि काही दिवसांपुरती तिची खोलीही. तिचं ठाम मत, भीतीची रोज तालीम केली की भीती कंटाळून निघून जाते.

"आईवडील काय करतात?" घरमालकीण दरडावायची. मी दाराकडे सरकायचे.

"परत!" आणि लगेच अहिराणीत धीर द्यायची, "भिऊ नको, मी शे ना!"

एकदा ती घरमालकिणीचा कुत्राही झाली. इतकी खरी भुंकली, की शेजारचे आबा काठी घेऊन धावत आले.

तिच्या मालकीणकाकूंनी पाहुणीला दिलेली मुदत संपली, त्या दिवशी आम्ही माझ्यासाठी खोली बघायला गेलो. मालकीणबाईंनी दारातच विचारलं, "आईवडील कुठे असतात?"

नाही म्हणाल्या तर जायचं कुठे? विजूताईकडे बघितलं, तर ती माझ्याहून पांढरी पडलेली. ती माझ्या पाठीमागे सरकली.

मग मीच बोलले. "कोणी नाही, काकू. बालगृहात वाढले. नर्सिंग शिकतेय."

काकूंनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, "पाणी सकाळीच येतं. भरून ठेवत जा."

बाहेर येताच विजूताई मटकन पायरीवर बसली.

"मला नाही गं जमलं खरं सांगायला," ती म्हणाली. "माझ्या मालकीणकाकूंना वाटतं, माझे आईवडील बोदवडला असतात. म्हणून दर दिवाळीला पिशवी भरून निघते. दिवसभर बोदवड स्टेशनच्या बाकावर बसते. परतताना फराळ विकत घेते आणि काकूंना देते, आईनं पाठवलाय म्हणून. कळलं तर काढतील गं मला."

"या दिवाळीला माझ्याकडे ये."

ती दचकलीच. "मंग काकूले काय सांगू?"

"सांग, बहिणीकडे चालले."

विजूताईनं इकडेतिकडे बघितलं. कोणी ऐकत नाही अशी खात्री करून, अगदी हलक्या आवाजात, ती ते वाक्य म्हणून बघू लागली.