ढोले साहेबांनी आत दिलेला चेंडू

ढोले साहेबांनी मला फसवलं. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच माणूस फसवला, आणि तो मी. समुद्रपूर ते हिंगणघाट रस्त्यावर कोणालाही विचारा, गजूभाऊला जुना पंप नवा म्हणून विकणारा अजून जन्मायचा आहे. तरी मी फसलो.

नव्वदच्या दशकात आमच्या गावच्या सरकारी विश्रामगृहामागे एक टेनिस कोर्ट होतं. शेणानं सारवलेलं. अधिकारी लोक बदलून येत, थोडं खेळत, बदलून जात. ढोले साहेब मात्र कायम तिथेच. ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. टेनिस हातानं खेळतात हेच त्यांना मान्य नव्हतं. मी शिकायला गेलो, तर पहिला महिनाभर त्यांनी मला चेंडूच दिला नाही.

"आधी डोकं खेळू दे," ते म्हणत. "हात मंग येतेच मागं मागं."

मग आम्ही दोघं मोठी माणसं जाळीच्या दोन बाजूंना उभे राहून नसलेला चेंडू मारत होतो. विश्रामगृहात कामाला आलेले लोक कुंपणाला टेकून बघत. एकदा तहसीलचा बाबू म्हणाला, "साहेब, चेंडू संपले काय?"

"चेंडू हाय. तुले दिसून नाई राह्यला," साहेब म्हणाले आणि सर्व्हिस केली.

मी ती सोडली. म्हटलं, "बाहेर!"

"आत होती."

"साहेब, मी काय आंधळा आहे? वीतभर बाहेर होती!"

जो चेंडू नव्हताच, त्यावरून आम्ही चांगली पंधरा मिनिटं भांडलो. मी रॅकेट जमिनीवर आपटली. साहेब शांतपणे म्हणाले, "पाह्य गजूभाऊ. चेंडू नाई तरी तुले एवढा राग येते. मंग राग चेंडूचा नाई ना? घरून घेऊन आलास तू."

हे खरं होतं. मी सायकलच्या कॅरिअरवर विहिरीच्या मोटारी बांधून गावोगाव फिरलेला माणूस. कोणी माझं काही हिसकावलं असं वाटलं की माझं डोकं फिरतं, मग तो पॉइंट का असेना. त्यावर साहेबांनी इलाज काढला. पॉइंट गेला की मी मागच्या कडुलिंबापाशी जायचं, खोडाला हात लावायचा, जे काय बोलायचं ते त्याला बोलून परत यायचं. मी एकदा इतका वेळ बोलत उभा होतो, की साहेबांनी तिकडून आवाज दिला, "झाडाले तरी जगू दे बे!" आणि परत आल्यावरही मी गेलेलाच पॉइंट घोळवत बसलो, तर त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "मेला तो चेंडू. तेरवी करून राह्यला काय त्याची?"

एक दिवस ते माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले. दिवसभर माझं गिऱ्हाइकांशी बोलणं ऐकत राहिले. संध्याकाळी म्हणाले, "भाव सांगून तू गप्प बसतो. समोरचा ओरडते, उठून जाते, तू हालत नाई. हे कसं जमते तुले?"

"मी त्याच्या तोंडाकडे बघत असतो, साहेब. तो परत येणार का, ते तोंडावर दिसतं."

"हां. अन् कोर्टावर तू सोताकडे पाहून राह्यतो. मी हरलो, मले हसले, माह्यं काय होईन. तिथंही चेंडूच्या तोंडाकडे पाह्य ना!"

त्या एका वाक्यानं माझा खेळ सुधारला. पण साहेबांना हरवणं काही जमेना. ते एक पॉइंट फुकट देत नसत आणि एक फुकट घेतही नसत. शेणाच्या कोर्टावर चेंडूचा डाग उमटतो. साहेब वाकून डाग बघत आणि स्वतःविरुद्ध निकाल देत. मोजणीला गेल्यावर दोन्ही पार्ट्यांचं पाणीसुद्धा न पिणारा माणूस तो. रेघ म्हणजे रेघ.

अशी सहा वर्षं गेली. अधिकारी यायचे थांबले, पोरं क्रिकेटकडे वळली, शेवटी आम्ही दोघंच उरलो. एका दिवाळीच्या आधी हरून मी इतका चिडलो, की सांगून टाकलं, "साहेब, उद्या शेवटची मॅच. उद्या हरलो तर पुन्हा इकडे पाय ठेवणार नाही."

ते जाळी सोडायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या पॉइंटला मी कोपऱ्यात जोरात फटका मारला. साहेब धावले, पोचले नाहीत. वाकले, बघितलं. "आत. जिंकला तू, गजूभाऊ." मी उड्या मारत पेढे आणायला पळालो.

आणि मग मी खेळणं सोडलं. सौदा पूर्ण झाला की मी त्या दारात पुन्हा उभा राहत नाही, हा माझा स्वभाव. तळेगावला दुसरं दुकान टाकलं. बसस्टँडवर साहेब भेटत, म्हणत, "येजो एखाद्या दिवशी." मी म्हणे, "येतो ना, साहेब." गेलो नाही. दोन वर्षांनी ते वारले.

तेराव्याला गेलो, तिथून पाय कोर्टाकडे वळले. रुक्माबाई, जी वर्षानुवर्षं ते कोर्ट सारवायची, ती पायरीवर बसली होती. कोर्ट ताजं सारवलेलं होतं. मी विचारलं, "आता कशाला सारवता?"

"साहेबाचा हुकूम होता. दर शनिवारी. म्हणे, गजूभाऊ कधी येईन सांगता येत नाई." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचा तो शेवटचा चेंडू भायेर पडलता, शेठ. चांगला चार बोटं. साहेबानं जोड्यानं डाग पुसला. मी म्हटलं, काऊन पुसलं जी? तर म्हणे, रुक्मा, आज हा हरला तर उद्या कोण येईन?"

मी जुन्या पंपांचा धंदा करतो. भावाला अडून बसलेला माणूस एकदम खाली उतरला, की मी होकार देत नाही, आधी पंप खोलून बघतो. आत काहीतरी बिघडलेलं असतंच. त्या सकाळी मी का नाही बघितलं?

पण साहेब, चूक तुमची आहे. हरलो असतो तर रागावून आठ दिवस घरी बसलो असतो आणि नवव्या दिवशी तुम्हाला हरवायला आलो असतो. माझा सगळा राग तुम्ही ओळखत होता, मग हे कसं ओळखलं नाही? "मले करमत नाई, येत जा" एवढं बोलायला काय जात होतं? सांगा ना. मी रागावणार नाही.