तात्यांचं पासिंग

गल्लीतले तात्या पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा आत येण्याआधी त्यांनी दाराची चौकट वाजवली. कडी नव्हे, चौकट. मधल्या बोटाच्या पेरानं टक् टक् केलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "मास्तर, खालनं पोकळ हाय. रिजेक्ट." घर आम्ही नुकतंच घेतलं होतं, कर्ज काढून. माझी बायको आतून ऐकत होती. तो दिवस मला फार वाईट गेला.

तात्यांची सगळी नोकरी शिरोलीच्या एका फाउंड्रीत गेली. भट्टीतून आलेलं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंड, गार झालं की छोट्या हातोडीनं ठोकायचं. खणखणीत वाजलं तर पास. बद्द वाजलं तर आत चीर, म्हणजे रिजेक्ट. निवृत्तीच्या दिवशी हातोडी कारखान्यात राहिली, सवय तेवढी घरी आली. मग मंडईतली कलिंगडं, आहेराचे डबे, गणपतीच्या मांडवाचे खांब, जे समोर येईल ते वाजत गेलं. कलिंगडाच्या बाबतीत त्यांचा अंदाज हमखास चुकायचा. पांढरंफटक निघालं की म्हणायचे, "आवाज पास हुता. माल बदलला त्यानं." एकदा मी तापानं आडवा होतो, तर बघायला आले आणि माझी पाठ वाजवून गेले. निकाल मला सांगितला नाही. बाहेर जाऊन बायकोला सांगितला.

तात्यांची बायको, आमच्या काकी, होत्या तोवर या रिजेक्टला उत्तर मिळायचं. "आधी सोत्ताचं डोस्कं वाजवा!" असं त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या आणि सगळी गल्ली हसायची. काकी गेल्या, तात्या नुसतेच वाजवत राहिले. समोरून उत्तर येईना की विनोदाची किरकिर व्हायला वेळ लागत नाही. तात्या येताना दिसले की लोक दारं लोटून घ्यायला लागले.

त्यांनी कधीच न वाजवलेली वस्तू एकच, त्यांची मोटारसायकल. ती चालू करायची म्हणजे आधी एका बाजूला तिरकी करायची, मग चोक ओढायचा, मग किक आणि शिव्या यांचा मारा करायचा. एवढं करूनही तिच्या मनात असेल तरच. "हिच्यावर बसून गगनबावड्याला गेलतो आम्ही दोघं," तात्या सांगायचे. "म्होरलं चाक दिसंना, असलं धुकं. हिला काय पास-नापास इचारायचं?"

सरकारला मात्र विचारायचं होतं. जुन्या गाडीची नोंदणी वाढवायची तर ती आरटीओच्या मैदानात नेऊन साहेबांना दाखवावी लागते. हॉर्न, दिवे, ब्रेक, धूर, सगळं बघतात. यालाच आपल्याकडं पासिंग म्हणतात. तात्यांच्या गाडीची मुदत संपत आली आणि त्याच सुमारास पुण्याहून त्यांच्या मुलाचा, प्रमोदचा, फोन आला. तात्या फोन कायम स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे तो गल्लीलाच आला म्हणायचा.

"बाबा, आता तरी या इकडं. एकटे किती दिवस राहणार?"

"माझी गाडी हाय की हितं."

"ती आता पास व्हायची नाही. नापास झाली तर याल?"

तात्या म्हणाले, "झाली तर येतो. पास झाली तर मातर परत इचारायचं न्हाय."

झालं. आमच्या गल्लीला एवढं पुरतं. आमचे तात्या उचलून पुण्याला नेणार? जे दारं लोटत होते तेच आता गल्लीच्या इज्जतीचा प्रश्न करायला लागले. उस्मान मिस्त्रीनं कोपऱ्यावरचं आपलं गॅरेज सोडून तात्यांच्या दारात ठाण मांडलं. कुणी आरसा आणला, कुणी चांगला टायर आणला, कुणी नुसतेच सल्ले आणले. तात्या पायरीवर बसून म्हणायचे, "कशाला रं एवढं? ऱ्हाऊ दे की. म्हातारी झालीया ती."

"माझ्या हातची गाडी नापास झाली तर गॅरेजला कुलूप लावीन, तात्या," उस्मान म्हणायचा.

आम्हाला वाटलं, तात्या संकोच करताहेत.

पासिंगला मीही बरोबर गेलो. रांग पुढं सरकली आणि उस्माननं सवयीनं ब्रेक दाबून मागं बघितलं. दिवा लागेना. कालपर्यंत लागत होता. त्यानं सीट काढली, तर आतली वायर निघालेली. "ही सुटली न्हाई," तो बुचकळ्यात पडला. "कुणीतरी वढून काढलीया."

"नंबर आला, उस्मान," तात्या म्हणाले. "ऱ्हाऊ दे आता."

उस्मान कुठला ऐकतोय! त्यानं दातानं वायर सोलली, पीळ दिला, वर टेप गुंडाळली. साहेबांनी ब्रेक दाबायला लावला आणि मागचा दिवा भक्कन लागला. हॉर्न वाजला. धूरही बेतात निघाला. गाडी पास झाली.

गल्लीत गुलाल उधळला. आमच्या कोल्हापुरात गुलालाला कारण कमी पडत नाही. तात्या त्यात माखून उभे होते आणि हसत होते, पण ते हसणं मला बरं वाटलं नाही. कुणीतरी त्यांच्याच फोनवरून प्रमोदला फोन लावला.

"पास झाली रं," तात्या म्हणाले.

मग प्रमोद म्हणाला, "बरं झालं की बाबा. तुमच्या मनासारखं झालं. मी इकडं मोठं घर बघत होतो, पण आता काही घाई नाही." त्याच्या आवाजातली सुटका स्पीकरवर सगळ्यांना ऐकू आली.

"न्हाई न्हाई. आता कसली घाई," तात्या म्हणाले.

लोक पांगले. डोळ्यांत गुलाल गेला म्हणून मी तात्यांना हाताला धरून घरात नेलं आणि उंबऱ्यातच थांबलो. फ्रीज बंद, त्याचं दार उघडं. गाद्या गुंडाळून दोरीनं बांधलेल्या. स्वयंपाकघरातले सगळे डबे धुऊन पालथे घातलेले. बॅग भरलेली होती आणि तिच्यात सगळ्यात वर, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला काकींचा फोटो.

तात्या म्हणाले, "वायर म्याच काढलीती, मास्तर."

"तात्या, अहो, सरळ सांगायचं ना प्रमोदला, की मला यायचंय म्हणून!"

"आन् त्यो नको म्हणाला असता तर?"

आम्ही सगळ्यांनी मिळून, अगदी जीव लावून, या माणसाला एकटं करून ठेवलं होतं. आणि बाहेर उस्मान अजून फटाके शोधत होता.

तात्यांनी लुगडं उलगडलं. फोटो पुन्हा खिळ्याला लावला, थोडा मागं होऊन बघितला, सरळ केला. मग एक डबा उताणा करून त्यात बघितलं.

"मास्तर, च्या टाकला असता तुमाला. पर साखर न्हाई. सगळी मुंग्यांना घातली काल." तात्या माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमच्याकडनं आणा की जरा. डबाभरून आणा. आता लागंल."