थापेवरचा अभ्यास

पोरगी अभ्यास करते का नाई हे समजाले मास्तर लागत नाई, डोळेही लागत नाई. नुसते कान लागतात! अन् कानाच्या बाबतीत अख्ख्या वरवट बकाल गावात या सुभद्राबाईचा हात कोनी धरत नाई!

मले अक्षर येत नाई, पन माह्या जनकाले मास्तरीन करायचंच, हे मी ठरवून बसली होती. महाराष्ट्र नवीन झाला होता, गावोगाव शाळा निघून राह्यल्या होत्या. म्हनून घरात एक कायदा केला. सांजच्याले मी भाकरी थापाले बसली का जनकानं चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचायचं. आवाज थांबला का मी उलथनं दाखवायची.

"माय, मनात वाचू का?"

"मनातलं मले ऐकू येत नाई. मोठ्यानं!"

अन् जमलं ना बाप्पा! पोट्टी दर साली पहिली! रंगराव मास्तर घरी येऊन म्हनाले, "सुभद्राबाई, सवय असावी तं अशी! बाकीचे पोट्टे परीक्षा आल्यावर पुस्तक कुठी आहे ते पाह्यतात." मी अशी फुगली, का तव्यावर असती तं पापुद्रा सुटला असता.

मंग जनकाच्या मॅट्रिकच्या साली वर्ग गावाबाहेरच्या नव्या इमारतीत गेला, अन् चाचणी परीक्षेत जनका कोरा पेपर देऊन रडत घरी आली.

"येत नोतं का व?"

"सगळं येते माय! पन थाप ऐकू आल्याबिगर पहिली ओळच आठवत नाई!"

घ्या! जुनी शाळा भर गावात होती, कोन्या ना कोन्या घरून भाकरीची थाप ऐकू यायचीच. तिच्यावरच पोट्टी पहिली येऊन राह्यली होती!

माहे मालक पुंजाजी म्हनाले, "नापास झाली का उन्हाळ्यात लगन. मंग थाप थाप भाकरी जलमभर!"

मी उलथनं आपटलं. "नापास कशी होईन?"

"परीक्षा खामगावले आहे. तिथी कोन थापीन?"

"मी थापीन!"

खामगावले माही मावसबहीन झुंबरबाई. तिच्या अंगनाची भिंत अन् परीक्षेच्या शाळेची भिंत एकच. घंटा झाली अन् मी परात घेऊन भिंतीपाशी बसली. थप थप थप!

"अवं, टोपलं भरलं!" झुंबरबाई ओरडली. "आम्ही घरात दोघं जन! खाईन कोन?"

"इतिहासाचा पेपर आहे, थोडा वेळ लागते. गनिताले कमी थापीन."

तेवढ्यात परीक्षेवरचे साहेब, महादेवराव, शिपाई घेऊन अंगनात हजर!

"बाई, काय चाललंय हे? खरं सांगा!"

"थापा मारून राह्यली, साहेब."

"कबूल करताय वर! तीन थापा म्हणजे तिसरा प्रश्न का? कुणाला इशारे देताय?"

"नाई हो! तीन थापात तं भाकर गोलही होत नाई!"

"बंद करा! पुन्हा आवाज आला तर आत जी कोणी तुमची असेल, तिला वर्गाबाहेर काढीन!"

माहे हात पिठातच थिजले. भिंतीपलीकडं माही पोरगी पेन धरून तशीच बसली असन, अन् मी इकडं मुकाट! डोळ्यातून पानी आलं, पुसता येईना, हाताले पीठ.

अन् आवाज आला. थप थप थप!

"पुन्हा!" साहेब गरजले. "हात वर करा!"

मी दोन्ही हात वर केले. कोपरापर्यंत पीठ! तरी आपलं थप थप चालूच! शिपाई माह्या हाताकडं पाहे, साहेब परातीकडं. मंग साहेब शाळेत पळाले अन् तोंड पाडून परत आले. "एक मुलगी डाव्या हातानं गुडघ्यावर थापा मारतेय अन् उजव्या हातानं लिहितेय. गुडघा तिचाच आहे, काय बोलणार!"

मले इतका आनंद झाला! अन् खरं सांगतो, आतून कसंसंच झालं. पोरीले आता माही थाप लागनार नोती.

जनका पास झाली, मास्तरीन झाली, अन् गेली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाले, बीबी गावाले. घर मुकं झालं. मी भाकर थापतो अन् कान चुलीच्या त्या बाजूले जातात. तिथी कोनीच नसते. एक दिवस म्यां पुंजाजीले म्हनलं, "तुम्ही तरी काही वाचा!" त्यायनं पंचांग वाचलं. भाकर करपली.

दिवाळीले जनका आली, पार वाळून.

"काऊन व? खात नाई का?"

"माय, मले भाकर येत नाई. तू थापे तवा मी वाचतच बसली होती ना! तिथल्या बाया देतात."

"वा!" पुंजाजी म्हनाले. "मास्तरीनबाई भाकर मागून खातात!"

मी तिचे हात पिठात घातले. भाकर तुटे, चिरे, हाताले चिकटे.

"जमत नाई माय. थाप पडली का कोनी वाचाले पायजे."

वाचाले कोन? मी डोळे मिटले, अन् तोंड आपोआपच चालू झालं. राजे, लढाया, नद्या, डोंगर, इतक्या सालाचं ऐकलेलं सगळं, न अडखळता! जनकाची थाप लागली. भाकर गोल होऊ लागली. तिचे डोळे भरले.

"माय, तुले तं मॅट्रिकचं सगळं पाठ आहे व!"

"मंग!" म्यां म्हनलं. "तेवढं लिहिनं-वाचनं राह्यलं फक्त."