बर्फाचे टायर

नाना गर्जे आधी गाडीच्या टायरकडे बघतात, मग आतल्या माणसाकडे. भिंगारच्या आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणा आला, की तो दाराची कडी वाजवेपर्यंत नाना त्याच्या गाडीपाशी उकिडवे बसलेले असतात. टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घालायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. माझे धाकटे दीर पुण्याहून पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीने आले, तेव्हा मोठ्या हौसेने पेढे द्यायला नानांकडे गेले. नानांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "गाडी झ्याक हाय. पन पुढचा डावा टायर एका अंगानं झिजलाय. सासुरवाडी डावीकडं हाय का तुमची?"

"रस्त्याला शिवतो तो टायर. बाकी समदी शोभा," हे त्यांचं आवडतं वाक्य. नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीपुढे ते हे बोलले आहेत, आमदाराच्या गाडीपुढेही बोलले आहेत.

मूळचे ते तिसगावकडचे. कोरडवाहू शेती सोडून लष्करात ड्रायव्हर झाले आणि नोकरीची बरीच वर्षं उत्तरेच्या बर्फात रसदीचे ट्रक चालवण्यात गेली. वर्षातून एकदा रजेवर यायचे. निवृत्तीनंतर इथे घर बांधलं, आमच्या भिंतीला भिंत लावून. बायको कमलवहिनी आणि एकुलती मुलगी सुनीता. सुनीता नर्स झाली, लग्न करून कॅनडाला गेली. त्यानंतर वहिनी वारल्या. वैकुंठरथ दारात आला तेव्हाही नाना आधी त्याच्या मागच्या चाकापाशी वाकले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. नाना उठून ड्रायव्हरला म्हणाले, "सावकाश न्या. मागचा उजवा पार गुळगुळीत झालाय. तिला गचके सोसत न्हाईत."

त्या दिवसानंतर ते घरात एकटेच राहिले. दर रविवारी सकाळी सुनीताचा फोन यायचा. वहिनी होत्या तोवर फोन त्यांचा असायचा, नाना शेजारी बसून नुसते ऐकायचे. आता बोलणं त्यांच्यावर आलं. फोन स्पीकरवर मोठ्याने लावलेला असायचा, त्यामुळे भिंतीपलीकडून मला ते सगळं पाठ झालं होतं.

"जेवलीस का?"

"हो नाना. तुम्ही?"

"व्हय. तब्येत?"

"बरी आहे. तुमची?"

"झ्याक. ठिवू का?"

माझा चहा उकळायच्या आत बापलेकीचा आठवडा संपलेला असायचा.

मग ऑक्टोबरच्या त्या रखरखीत उन्हात एका रविवारी सुनीता म्हणाली, "नाना, मी गाडी घेतली. इकडे थंडीत वेगळे टायर लावावे लागतात, बर्फाचे. कुठले घेऊ?"

नानांनी फोन ठेवला तो थेट माझ्या दारात. "बाई, पोरीनं मला इचारलंय. मला!"

दुसऱ्या दिवशी ते नगरला टायरच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "कुठल्या गाडीला?" नाना म्हणाले, "कॅनडाच्या." दुकानदाराने त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि म्हणाला, "नाना, आपल्याकडं बर्फ फक्त उसाच्या रसात पडतो." नाना तिथून दुसऱ्या दुकानात गेले. मग तिसऱ्या. शेवटी माझ्याकडे आले. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे इंटरनेट वाचायचं काम माझ्यावर पडलं.

मी वाचून दाखवलं की साधं रबर थंडीत कडक होतं आणि रस्ता सोडतं. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं, त्याला बारीक बारीक चिरा असतात, बाजूला डोंगर आणि बर्फाच्या चांदणीची खूण असते, आणि चारही चाकांना तेच टायर लावायचे असतात.

"रबर कडक हुतं? कायतरीच," नाना म्हणाले. "आमी ट्रकच्या टायरला साखळ्या बांधायचो आन् देवाचं नाव घ्यायचो. रबराला कोन इचारतंय?"

म्हणून त्यांनी प्रयोग करायचं ठरवलं. फ्रिज आमचा. एके दिवशी आमच्या ह्यांनी सरबतासाठी बर्फ काढायला फ्रीझर उघडला, तर मटारच्या पिशवीवर ट्रकच्या टायरचा एक तुकडा आणि शेजारी कारच्या टायरचा एक, वेगवेगळ्या डब्यांत, नीट झाकून. ह्यांनी शांतपणे दार लावलं आणि मला विचारलं, "आज पाहुणे कोण आहेत जेवायला?"

संध्याकाळी नानांनी तुकडे बाहेर काढून नख रुतवून पाहिलं. मग बराच वेळ ते त्या तुकड्यांकडे बघत राहिले. "हुतं की कडक," हळूच म्हणाले. "आमी कशावर गाडी चालवत हुतो म्हनायची?"

पण तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी बर्फाच्या कारखान्यातून लादी आणवली, भुशात गुंडाळून, आणि गल्लीच्या तोंडाशी मांडली. ह्यांची जुनी गाडी तिच्यावर चढवायची होती. सगळी गल्ली गोळा झाली. नानांनी हात वर करून लष्करी इशारा केला, ह्यांनी ॲक्सिलरेटर दाबला, चाक जागच्या जागी गरगरलं आणि लादी मागच्या मागे सुटली ती उतारावरून थेट पिठाच्या गिरणीत. रांगेतल्या बायका डबे टाकून बाकावर चढल्या.

नाना धावत गेले नाहीत. चाकाशी उकिडवे बसून म्हणाले, "बघा, गाडी जागेवर हाय. बर्फच पळाला."

त्या रविवारचा फोन मोठा झाला. लादीची गोष्ट ऐकून सुनीता इतकी हसली, की तिचं हसणं भिंतीतून मला ऐकू आलं. मग चिरा किती खोल हव्यात, बर्फात रुतायला खिळे लावलेले टायर घ्यावेत का, हवा किती ठेवावी. नाना बोलतच होते. माझा चहा उकळून, पिऊन, कपबशी विसळून झाली तरी.

दिवाळी गेली, डिसेंबर आला. मला काळजी वाटायला लागली की या निवडीच्या घोळात पोरगी बर्फात साध्या टायरवर फिरते आहे. एकदा नानांनी फोन उचलला नाही म्हणून तिने मला केला. नाना दळण आणायला गेले होते. मी तिला तसं सांगितलं आणि मग म्हटलं, "अगं, घे ना आता कुठलेतरी!"

"काकू, टायर केव्हाच बसवलेत. गाडी घेतली तिथल्याच माणसाने दिले बसवून."

"मग नानांना सांग ना तसं."

"सांगितलं तर पुढच्या रविवारी काय बोलू त्यांच्याशी?" ती म्हणाली. "मी लहान असताना ते घरीच नव्हते. मला त्यांच्याशी बोलायची सवयच नाही, काकू. त्यांनाही नाही. आता कुठे..."

मी नानांना काही बोलले नाही. ते रोज दुपारी येऊन वाचायला लावत राहिले. कारचे झाले, तसे ट्रकचे सुरू झाले. "ट्रक कशाला, नाना?" मी एकदा वैतागून विचारलं. "तिची तर कार आहे. एकदाचं ठरवून टाका."

नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "बाई, ठरलं की संपलं."

मग म्हणाले, "तिच्या गाडीला टायर बसल्यात. मला म्हाईत हाय. तिनं मागं व्हिडिओत बर्फ दाखवला तवा मागं गाडी उभी हुती. चाकाकडं न्हाई बघनार व्हय मी? डोंगराची खून हुती. चांगलं टायर हायती." एवढं बोलून त्यांनी मोबाईल पुन्हा माझ्यापुढे सरकवला. "वाचा."

मी वाचलं.

जानेवारीतला एक रविवार. ट्रकच्या टायरचं एक इंग्रजी नाव नानांच्या तोंडात बसत नव्हतं म्हणून त्यांनी मला हाक मारली होती. मी तिथे असतानाच फोन आला. सुनीताचा आवाज वेगळा होता.

"नाना, आज गाडी घसरली."

नाना ताठ झाले. "लागलं?"

"नाही. कशालाच धडकली नाही. गोल फिरली आणि थांबली. टायर चांगले आहेत, नाना, टायरचं काही नाही. मीच..." आणि ती रडायला लागली.

मला वाटलं, आता हवा आणि चिरा सुरू होणार. पण नानांचा अंगठा नुसता फोनच्या कडेवरून फिरत राहिला.

"घाबरलीस?" शेवटी म्हणाले.

"हो."

"मी बी लई घाबरायचो."

पलीकडे रडणं थांबलं.

"तू आईच्या पोटात हुतीस तवाची गोष्ट. घाटात माझा ट्रक असाच फिरला. मागलं चाक कड्याच्या बाहेर. उतरून खाली बसलो आन् तोंडात मफलर कोंबून रडलो, बरोबरच्या जवानांना ऐकू जाऊ नये म्हनून. तुझ्या आईला बी कधी सांगितलं न्हाई. घरी आलो की वाटायचं, बोलाय लागलो तर हेच तोंडातून निघंल. म्हनून गप बसायचो."

मी उठले, चपला हातात घेतल्या आणि दार ओढून घेऊन बाहेर आले.

खूप वेळाने नाना ओट्यावर येऊन बसले. ऊन चांगलं वर आलं होतं. मी चहा नेऊन दिला. तो त्यांनी हातातच धरला.

"निजली आता," म्हणाले. "जावई घरी हाय." मग रस्त्याकडे बघत, "बाई, हिथनं तिथवर जायला किती टाइम लागतो?"

"विमानाने एखादा दिवस तरी लागत असेल."

"इमानानं न्हवं. गाडीनं."

मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते जिरलं. "गाडीने नाही जाता येत, नाना," मी म्हटलं. "मध्ये समुद्र आहे."

नानांनी मान हलवली.

"व्हय," ते म्हणाले. "समुद्र हाय न्हवं का मधी."