मानेच्या मापाची उशी

माझ्याइतकी चांगली उशी कोणी शिवून दाखवावी, मी सुई खाली ठेवीन! दुकानातली उशी म्हणजे सगळ्या गावाला एकाच मापाची चप्पल. माझ्याकडे तसलं काही चालत नाही. मी मान मोजते, खांदे मोजते, उताणे झोपता की कुशीवर ते विचारते आणि मगच कापूस भरते. त्यावर गिऱ्हाइकाने माझ्याच दिवाणावर दहा मिनिटं पडून उशी पारखायची. त्याशिवाय मी शेवटची शिवण घालत नाही.

खरं सांगू? ही पारख उशीसाठी कमी आणि माझ्यासाठीच जास्त होती. आमचे हे गेल्यापासून या घरात कोणी घोरलेलं नाही. लेक लांब राहते, तिचा फोन रविवारी. बाकीचे दिवस घरात मी आणि शिलाई मशीन, आणि तेही पाय मारला तरच बोलतं.

त्या दिवशी समोरचे दातांचे डॉक्टर आले. पेशंटला इंजेक्शन देऊन ठेवलंय, हिरडी बधिर होईपर्यंत उशी बघून जातो, म्हणाले. आडवे झाले आणि माझा दोरा ओवून होईपर्यंत घोरायला लागले! उठवायला हवं होतं, कळत होतं मला. पण घर कसं भरल्यासारखं वाटलं. म्हटलं, पडू दे पाच मिनिटं. खिडकी लोटली, पंखा वाढवला.

पाचाची किती झाली कोण जाणे, दारात पेशंट उभा! गाल हाताने धरलेला, ओठ एका बाजूला लोंबतोय. डॉक्टरांना शोधत आला होता. मी त्याला हळूच खुर्चीत बसवलं. दाढेपायी बिचाऱ्याच्या डोळ्याला रात्रभर डोळा लागला नव्हता. पाठीला टेकायला म्हणून एक उशी दिली, तर हाही झोपी गेला! एकाचा सूर जाड, दुसऱ्याचा बारीक. तास-दीड तास मी ऐकतच बसले, मग कितीतरी दिवसांनी तिघांचा चहा टाकला.

चहाला उकळी येते न येते तोच डॉक्टरांची बायको आली. दवाखाना सताड उघडा, फोन टेबलावर वाजतोय, डॉक्टर बेपत्ता, पेशंटही बेपत्ता. तिने सगळी गल्ली पालथी घातली होती. नवरा माझ्या दिवाणावर पसरलेला बघून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

"पारख," मी म्हटलं.

"घरी यांना गोळी घेतल्याशिवाय झोप येत नाही. तुम्ही काय दिलंत यांना?"

मी उशीकडे बोट दाखवलं. तिचा विश्वास बसेना. तिने नवऱ्याला गदागदा हलवलं, तसा पेशंटही जागा झाला तो बोंबलतच, कारण इंजेक्शन केव्हाच उतरलं होतं! तिघंही तरातरा निघून गेली. जाताना बाई घरातल्या सगळ्यांच्या उशा मात्र सांगून गेली. तो चहा मी एकटीनेच संपवला.

उशा झाल्या, नेल्या. मग मी रोज दार उघडं टाकून बसायचे, पण कोणी फिरकेना. शेवटी रस्त्यात ती बाई भेटली, तेव्हा न राहवून विचारलं, उशीत काही खोट राहिली का?

"छे हो, इतकी छान झालीय की पुन्हा यायची गरजच पडली नाही."

कौतुक ऐकून मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

तेव्हापासून, तुम्हाला म्हणून सांगते, प्रत्येक उशीची शेवटची शिवण मी जरा सैल घालते. थोड्या दिवसांत कापूस बाहेर डोकावतो. दुरुस्तीचे मी काही घेत नाही. फक्त पारख पुन्हा करावी लागते, आणि ती हल्ली दहा मिनिटांत होत नाही.