डोळे आखायचे राहिलेले गणपती

या मोसमात आपला एकही कारागीर शेजारच्या कारखान्यात जाणार नाही, अशी मितेशची पैज होती. हमरापुरात गणपतीच्या तोंडावर मूर्तींच्या कारखान्यांनी एकमेकांचे कारागीर पळवणं नेहमीचंच. त्याने माळ्यावरचा लहानपणीचा व्हिडिओ गेम काढला, कारखान्यातल्या टीव्हीला जोडला आणि बायकोला म्हणाला, "बघ गो दर्शना, आता ढकलून दिलं तरी कुणी हलायचा नाय."

ते मात्र शंभर टक्के खरं ठरलं.

गेम साधा. चार बुटकी माणसं, भिंतींचं जाळं, एकमेकांच्या वाटेत बाँब ठेवायचे. निम्म्या वेळा माणूस आपल्याच बाँबने उडतो आणि शेजाऱ्याच्या नावाने शिमगा करतो. मोबाइलवर याहून देखणे गेम ढिगाने आहेत, पण कोपराने ढोसून हरवायची मजा त्यांत कुठली! आखणीवाले रघूकाका, रंगारी मंगळ्या आणि मितेश ठाण मांडून बसले. चौथा रिमोट येईल त्याचा.

घोडं अडलं डोळ्यांपाशी. मूर्तीचे डोळे शेवटी आखतात. तोवर ती माती, डोळे आखले की देव. देवासमोर शिवी द्यायची नाही हा कारखान्याचा रिवाज, आणि शिवीशिवाय हा गेम रंगेना. मग रघूकाका आखणी पुढे ढकलू लागले. हवा दमट आहे म्हणाले, ब्रश बरा नाही म्हणाले. मितेशला तेही पटत गेलं.

आणि एका दुपारी रोह्याजवळच्या वरशाचे व्यापारी साईराजशेट टेंपो घेऊन दारात! वडिलांनी कारखाना हाती दिल्यावरची मितेशची ही पहिली मोठी ऑर्डर, आणि एकाही गणपतीला डोळे नाहीत. अंधार पडायच्या आत गाडी भरली नाही तर पुढल्या वर्षीपासून शेजारी जाईन, असं शेटनी ठणकावलं. रघूकाका ब्रश शोधायला धावले. तेवढ्यात मंगळ्याने पाहुण्याचा मान म्हणून चौथा रिमोट शेटच्या हातात दिला.

शेट पहिल्याच झटक्यात उडाले. दुसऱ्यांदाही उडाले. त्यांनी मंगळ्याचं खानदान काढलं आणि ब्रश टेकवणाऱ्या रघूकाकांना अडवलं. "थांबा वो काका. एक डाव जिंकू द्या, मग आखा."

धमकी देणाराही हाच, गाडी भरू न देणाराही हाच. मितेश रडकुंडीला आला.

दर्शनाचं माहेरही मूर्तिकारांचंच. तिने ब्रश घेतला आणि टीव्हीशेजारच्या मूर्तीचे दोन्ही डोळे आखून टाकले. मंगळ्याची शिवी घशातच राहिली. सगळे हात जोडून उभे. कारखान्यात कितीतरी दिवसांनी शांतता झाली.

शेट हळूच म्हणाले, "हा देव आधी गाडीत नेऊन ठेवा."

मग काय विचारता! इकडे रघूकाका आणि दर्शना डोळे आखतायत, तिकडे मंगळ्या आणि खुद्द शेट देव उचलून पळतायत. मध्ये सवड मिळेल तसा डाव. उन्हं उतरायच्या आत गाडी भरली. शेटनी पुढल्या वर्षीची ऑर्डर तोंडी पक्की केली, टेंपो रोह्याला धाडला आणि आपण रेल्वेने येऊ म्हणाले.

टेंपोला हात करून मितेश छाती फुगवून आत आला. टीव्हीपुढे रघूकाका, मंगळ्या, शेट, आणि त्याच्या जागेवर दर्शना.

"अगो, माझा रिमोट?"

दर्शनाने मानही वळवली नाही. "चार कप चहा टाका. आन आवाज करू नका, मी जिंकतेय."